हेगच्या न्यायालयात मराठी सनदा

माझी एक गाणे शिकणारी शिष्या आंतरराष्ट्रीय कायदा घेऊन एल्‌एल्. एम. करीत आहे. ‘ज्या कायद्याला शिपाई नाही, तो शिकून काय उपयोग?’ असे तिला घरचेच विचारतात. मी दरबारी गवयाचा मुलगा. न लिहिलेली रीत माणसाला किती बांधते, हे मी घरीच पाहिले आहे.

तिच्या अभ्यासात हेगचा १९६० चा निकाल आहे : पोर्तुगाल विरुद्ध भारत. तंटा दादरा-नगरहवेलीच्या वाटेचा. पेशवाईतील १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा तपासून न्यायालयाने ठरविले, की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, राज्य नव्हे. पोर्तुगीजांचे स्वामित्व मान्य केले ते पुढे इंग्रजांनी. सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीमुळे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती. सैन्याला व शस्त्रांना नव्हती. १९५४ साली भारताने ती अडविली, यात कर्तव्यभंग झाला नाही.

दोनच राष्ट्रांतली वहिवाटही कायदा ठरते, हे या निकालाने दाखविले. तेव्हा जुन्या घरांतील मोडी दफ्तरे रद्दीत घालण्यापूर्वी वाचकांनी एकदा ती जाणत्याकडून वाचून घ्यावीत. आणि अशा मुलींना खुशाल शिकू द्यावे.