यंत्रमानवाच्या मेंदूची शिदोरी
घरी केलेला यंत्रमानव चालू लागतो न लागतो तोच त्याचा मेंदू, म्हणजे आतला चिमुकला संगणक, बंद पडतो. असे का बरे? मोटर जागची हलताना एरवीपेक्षा कितीतरी पट प्रवाह ओढते आणि बॅटरीचा दाब खचतो. २०१९ सालच्या रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट लागतात, ४.६३ च्या आसपास उतरले की तो कुरकुरतो. त्याच क्षणी मेमरी कार्डावर लिहिणे चालू असेल, तर सारे लिखाण बिघडण्याचा संभव!

१२ व्होल्टांचे ५ करायला ७८०५ लावाल, तर एका अँपिअरला ५ वॅट कामी येतात नि ७ वॅट उष्णतेत जातात. आतबट्ट्याचाच व्यवहार. बक कन्व्हर्टर घ्या. त्याहून बरे, संगणकाला वेगळी बॅटरी द्या. मात्र दोहोंच्या ऋण तारा एकत्र जोडा, नाहीतर संगणकाचे हुकूम मोटरच्या मंडलाला कळायचे नाहीत.