अश्वप्रदर्शनाचे दप्तर आणि संगणक

घोड्याची पारख डोळ्यांनी होते. परंतु त्या पारखीचे फळ मालकाच्या पदरात पडते ते कागदावरील नोंदीमुळे. मराठ्यांच्या लष्करात स्वतःचा घोडा घेऊन चाकरी करणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद होता. घोडा कोणाचा, यावर वेतन ठरत असल्याने पागेच्या दप्तराला महत्त्व होते. तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार असो की एखादे पशुप्रदर्शन असो, कोणता घोडा, कोणाचा व कोणत्या वर्गातला, हा प्रश्न आजही कायम आहे. हे काम संगणकावर कसे करावे, याचा विचार येथे केला आहे.

नोंदीची रचना

वहीत एकच नाव प्रवेशपत्रक, निकालपत्रक व पावतीपुस्तक अशा तीन ठिकाणी लिहावे लागते आणि प्रत्येक वेळी चूक होण्याचा संभव असतो. संगणकाच्या आज्ञावलीत मालक, घोडा व प्रवेश असे तीन तक्ते ठेवावेत आणि ते क्रमांकांनी जोडावेत. मालकाचा पत्ता एकदाच लिहिला जातो; पुढे त्याचा क्रमांक दिला की पुरे. घोड्याच्या तक्त्यात काठेवाडी, मारवाडी इत्यादी जात, कुमैत, मुश्की, अबलख इत्यादी रंग, जन्मवर्ष, अंगावरील खुणा आणि कातडीखाली ओळखचिप बसविली असल्यास तिचा 15 अंकी क्रमांक नोंदवावा.

आकड्यांतील खाचखळगे

संगणक हिशेब चुकत नाही, परंतु दिलेल्या आकड्याचा अर्थ त्याला कळत नाही. घोड्याची उंची 4 इंचांच्या ‘हँड’ या मापात सांगण्याची पद्धत आहे. 14.2 हँड म्हणजे 14 हँड व 2 इंच, अर्थात 58 इंच. संगणक मात्र हा आकडा दशांश समजून 56.8 इंच असे उत्तर देईल आणि घोडा भलत्याच गटात जाईल. म्हणून उंची सेंटिमीटरमध्येच लिहावी. वरील घोड्याची उंची सुमारे 147 सेंटिमीटर होते.

बँक खात्याच्या क्रमांकाचा आरंभ शून्याने होत असल्यास साध्या तक्त्यात ते शून्य गळून पडते व बक्षिसाची रक्कम जमा होत नाही. यास्तव खातेक्रमांक व चिपक्रमांक यांचे रकाने आधीच ‘मजकूर’ या प्रकारचे करून ठेवावेत.

अडथळ्यांवरील उड्यांच्या स्पर्धेत एक दांडी पाडल्यास 4 दोषगुण मिळतात आणि कमीत कमी दोषगुणांचा घोडा वर येतो. बाद झालेल्या घोड्यापुढे कोणी शून्य लिहिल्यास संगणक त्याला पहिला क्रमांक देईल! ‘बाद’ व ‘गैरहजर’ यांसाठी स्वतंत्र रकाना असणे अगत्याचे आहे.

जमाखर्च

समजा, एक घोडी 2 वर्गांत उतरली. प्रतिवर्ग शुल्क 200 रुपये आणि 3 दिवसांचे तबेलाभाडे दररोज 100 रुपये धरल्यास एकूण येणे 700 रुपये होते. मालकाने 500 रुपये भरले, म्हणजे बाकी 200 रुपये राहिली. मुदतीपूर्वी एका वर्गातून नाव मागे घेतल्यास आणि नियमांत शुल्कमाफी असल्यास येणे 500 रुपयांवर येऊन बाकी फिटते. मात्र मूळ नोंद पुसून टाकू नये; ‘नाव मागे’ अशी तारखेसह वेगळी नोंद करावी. लेखापरीक्षकास रक्कम कमी का झाली हे त्यावरूनच कळते. बक्षिसे, परीक्षकांचे मानधन, मांडव, दाणावैरण व पाणी यांचा खर्च स्वतंत्र सदरांखाली दाखवावा आणि रोजची रोकड त्याच सायंकाळी ताळ्यावर आणावी.

रोगनियंत्रणास साहाय्य

ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणुजन्य रोग माणसासही होऊ शकतो. जनावरांतील सांसर्गिक रोगांसंबंधीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे. प्रदर्शनानंतर एखादा घोडा रोगग्रस्त आढळल्यास त्याच्या शेजारच्या ठाणावर कोणते घोडे होते व ते कोणत्या गावी परतले, हे तातडीने समजले पाहिजे. ठाणक्रमांक, येण्याजाण्याची तारीख आणि रक्तचाचणीच्या दाखल्याचा क्रमांक नोंदलेला असेल, तर ही यादी काही क्षणांत निघते. तशी नोंद नसल्यास गावोगाव शोध घेत फिरावे लागते आणि तोवर संसर्ग पसरण्याचा धोका वाढतो.

आरंभ कसा करावा

लहान प्रदर्शनासाठी महागडी आज्ञावली घेण्याची गरज नाही. कार्यालयातील साधा तक्तालेखन कार्यक्रम पुरेसा आहे. गावातील शिक्षकांनी प्रवेशपत्रे भरण्याच्या कामी मालकांस मदत केल्यास नावे व क्रमांक मुळातच शुद्ध येतील. परीक्षकांच्या सहीची मूळ गुणपत्रके जपून ठेवावीत, कारण वाद उद्भवल्यास तीच आधार ठरतात. रोजच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि एक छापील स्वरूपात ठेवावी. ऐन प्रदर्शनात वीज गेली तरी काम अडणार नाही. निकालाची छापील यादी मैदानावर त्याच दिवशी लावावी, म्हणजे ज्या मालकास हरकत घ्यावयाची असेल त्यास ती घोडा घेऊन परतण्यापूर्वीच घेता येईल.