सातव्या पिनेचा कबजा

मोहाडी तालुक्यातील करडी येथे, एका परिचित वृद्ध शेतकऱ्याच्या माडीवर, पत्त्यांच्या जोडाएवढ्या एका संगणकापुढे मी दोन रात्री घालविल्या. कृषिपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती आणि मोटारीच्या मीटरवरील आकडे घरबसल्या दिसावेत, एवढीच काकाजींची मागणी होती. रास्पबेरी पाय ४ या त्या बोर्डावरचा नित्याचा सीरियल पोर्ट मोबाइलवर संदेश धाडणाऱ्या मोडेमने आधीच अडविला होता. मीटरसाठी दुसरा हवा होता.

वस्तुतः जून २०१९ मध्ये बाजारात आलेल्या या बोर्डाच्या चिपमध्ये असे सहा पोर्ट आहेत. ते सिलिकॉनमध्ये कोरलेले असूनही बहुतेक निद्रिस्त राहतात, याचे कारण दप्तरी आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपेपर्यंत या जिल्ह्यात बांधी डोळ्यांदेखत पिकत असली, तरी पटवाऱ्याच्या खसऱ्यात जे चढले तेच सरकारला ठाऊक असे. लिनक्सचा कर्नलही ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या अशाच दस्तऐवजावर विसंबतो. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनी आर्म प्रोसेसरांच्या संहितेतील बजबजपुरीवर जाहीर संताप व्यक्त केल्यानंतर ही व्यवस्था त्या बोर्डांवर रुजली. मूळ दस्तऐवजाला न छेडता जोडावयाची पुरवणी म्हणजे ‘ओव्हरले’. आपल्या भाषेत फेरफार.

मी आरंभीच्या कॉन्फिग फाइलीत ‘युआर्ट ३’चा एका ओळीचा फेरफार नोंदविला आणि बोर्ड पुन्हा सुरू केला. मीटर लगेच न जोडता सातवी व एकोणतिसावी पिन एका तारेने सांधली, जेणेकरून पोर्टने उच्चारलेले त्याच्याच कानी पडावे. ‘क’ टंकला, ‘क’ परतला. मग मीटरच्या आरएस-४८५ तारा मधल्या रूपांतरकातून आणल्या, कारण या पिना ३.३ व्होल्टच सोसतात. सेकंदास ९६०० बिटांच्या गतीने मीटर बोलू लागले आणि मी समाधानाने झोपलो.

पहाटे काकाजींनी विचारले, “ढोलीतल्या धानाची गरमी काहून दिसत नाही जी?” त्याच बोर्डाला जोडलेला ढोलीतला तापमापक मुका झाला होता! कर्नलची रोजनिशी उघडली, तो स्वच्छ नोंद: जीपीआयओ ४ ही पिन सीरियल पोर्टच्या ताब्यात असल्याने तापमापकास देता येत नाही. जीपीआयओ ४ म्हणजेच ती सातवी पिन. तापमापकाची वहिवाट तिच्यावर महिन्यांपासून होती. मी नवा हक्क चढविताना जुनी नोंद पाहिलीच नव्हती, आणि कर्नलने आधी हजर झालेल्या दावेदारास कबजा देऊन दुसऱ्यास निमूटपणे परत धाडले होते. चूक बोलली असती तर बरे झाले असते. ती रात्रभर गप्प राहिली.

उपाय मात्र दोन मिनिटांचा ठरला. ‘३’च्या जागी ‘५’ लिहिले, तारा बत्तिसाव्या व तेहेतिसाव्या पिनेवर नेल्या आणि तापमापक सातव्या पिनेवर पूर्ववत नांदू लागला.

दुसऱ्या रात्री वीज आली, तेव्हा पडद्यावर ढोलीचे तापमान आणि तिन्ही फेजांचे व्होल्ट एकत्र उमटले. काकाजींनी चष्मा सावरून पाहिले. तिसऱ्या फेजचा आकडा इतर दोहोंच्या निम्माही नव्हता. “एक फेज गेला जी,” म्हणत त्यांनी टॉर्च उचलला आणि मोटार बंद करावयास ते जिना उतरू लागले.