विश्लेषण : एका पेटीसाठी धडपड, कपाटे मात्र रस्त्यावर… कोरियाच्या शिंपलेजडित फर्निचरचे काय झाले?

दक्षिण कोरियाने २०२३ मध्ये जपानमधून एक लाकडी पेटी मायदेशी आणली. लांबी जेमतेम ३३ सेंटिमीटर. पण तिच्यावर शिंपल्याचे सुमारे ४५ हजार तुकडे जडवलेले. पेटी तेराव्या शतकातली. तिच्या परतीची मोठी बातमी झाली. याच कलेची भलीमोठी कपाटे मात्र कोरियन कुटुंबांनी गेल्या काही दशकांत घराबाहेर काढली, तीही पालिकेला शुल्क भरून.

ही कला नेमकी काय?

तिचे नाव ‘नाजोनचिलगी’. नाजोन म्हणजे शिंपल्याचे जडावकाम आणि चिलगी म्हणजे रोगण चढवलेली वस्तू. हे रोगण म्हणजे आपली लाख नव्हे. लाख किड्यापासून मिळते, हा एका झाडाचा चीक. झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातले. त्यामुळे कच्चा चीक अंगाला लागला तर काय होते, हे बिब्बा उतलेल्या माणसाला सांगायला नको.

लाकडावर कापड चिकटवून पृष्ठभाग गुळगुळीत करतात, त्यावर शिंपल्याचे तुकडे बसवतात आणि मग सगळ्यावरच रोगण चढवतात. नक्षी काळ्या थराखाली गडप होते. नंतर घासून, खरवडून ती पुन्हा वर काढायची. शिंपला मुख्यतः अबालोन या समुद्री गोगलगायीचा. त्यात निळा, हिरवा, गुलाबी अशा छटा एकाच वेळी खेळतात. गंमत म्हणजे हे रोगण उन्हात वाळत नाही. त्याला उबदार, दमट हवा लागते. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, पण हे काम झकास झाले असते!

इतक्या थोड्या वस्तू का उरल्या?

गोर्यो राजवटीत (९१८ ते १३९२) ही कला शिखरावर होती. ११२३ मध्ये आलेला चिनी दूत शू जिंग याने तिच्या बारीक कामाची वाखाणणी लिहून ठेवली आहे. १२७२ मध्ये तर बौद्ध ग्रंथ ठेवण्याच्या पेट्यांसाठी राजदरबाराने स्वतंत्र कचेरी उघडली. तरीही त्या काळच्या जेमतेम वीसेक वस्तू जगात शिल्लक आहेत आणि त्यातल्या बहुतेक कोरियाबाहेर. एक पेटी परत येण्याचे अप्रूप त्यामुळेच.

कपाटांवर ही नक्षी कधी आली?

पुढच्या जोसॉन काळात पुरुषांच्या बैठकीतले फर्निचर साधे असे. चमकदार नक्षी शोभे ती बायकांच्या खोलीत. तिथे एकावर एक रचायच्या पेट्या म्हणजे ‘नोंग’ आणि अखंड कपाट म्हणजे ‘जांग’. दोन्हींना पाय असतात, कारण कोरियन घराची जमीन खालून तापवलेली. नक्षीत सूर्य, पाइन, करकोचा, हरीण, कासव अशी दीर्घायुष्याची दहा चिन्हे. दक्षिण किनाऱ्यावरचे तोंगयोंग बंदर हे या कामाचे माहेरघर.

विसाव्या शतकात बारीक करवत आली, काम वेगाने होऊ लागले. १९७०च्या दशकात तर भिंतभर पसरलेले शिंपलेजडित कपाट हे मध्यमवर्गीय घराच्या सुबत्तेची खूण ठरले. लेकीच्या लग्नात ते देण्याची हौस होती. यातल्या अनेक कपाटांवर झाडाचा चीक नव्हताच. काजूच्या टरफलातील तेलापासून बनवलेले स्वस्त रोगण होते. बाजारात ‘अँटिक’ म्हणून समोर येणारे कपाट अनेकदा याच काळातले निघते.

मग ती नकोशी का झाली?

कुटुंबे अपार्टमेंटमध्ये गेली. तिथे कपाटे भिंतीतच बांधलेली. आजीचे अवजड जांग लिफ्टमध्ये मावेना आणि सुनेला आवडेना. कोरियात मोठी वस्तू टाकायची तर शुल्क भरून तिच्यावर चिठ्ठी डकवावी लागते. अशी चिठ्ठी लावलेली, करकोचे चमकवणारी दारे रस्त्याकडेला दिसू लागली. त्यात स्वस्त रोगणाची होती, तशी एखाद्या कारागिराने महिनोन्महिने खपून केलेलीही असणार. उचलून नेणाऱ्याला फरक कळण्याचे कारण नव्हते.

अलीकडे तरुण पिढीला या कपाटांची पुन्हा भूल पडली आहे. जुनी दारे कापून टेबले होतात, सोलमधल्या काही कॅफेंच्या भिंतींवरही ती दिसतात. अख्खे कपाट ठेवायला जागा मात्र अजूनही फार थोड्यांकडे आहे.