तासांचा हिशेब, आपल्याच यंत्रावर

पाच-सहा जणांच्या कचेरीत महिनाअखेरीला एक प्रश्न हमखास निघतो. ग्राहक विचारतो, ‘‘या कामाला ६२ तास कसे लागले?’’ मग वह्या, ई-मेल, फोन यांची शोधाशोध सुरू होते. उत्तर सापडलं नाही, तर बिलाला कात्री लागते.

कामं आणि त्यांवर गेलेला वेळ एकाच जागी नोंदवणारी सॉफ्टवेअर्स इंटरनेटवर भाड्यानं मिळतात. माणसं वाढली की बहुधा भाडंही वाढतं, आणि नोंदी राहतात दुसऱ्याच्या घरात. त्याऐवजी असं सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं. त्यातलं जुनंजाणतं नाव म्हणजे रेडमाइन. ज्याँ-फिलिप लांग यांनी ते २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. परवाना मुक्त असल्यानं त्याला शुल्क नाही. २०११ मध्ये त्यातून चिलीप्रोजेक्ट ही शाखा फुटली आणि तिच्यातून पुढे ओपनप्रोजेक्ट आलं. फक्त वेळच नोंदवायची असेल, तर किमाई पुरतं. मात्र शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असं समजू नका. ते सांभाळायला कुणाचा तरी शनिवार जातोच!

रेडमाइन चालतं रुबी ऑन रेल्स या चौकटीवर. सोबत मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएलसारखा डेटाबेस लागतो. लिनक्सची सवय असलेला माणूस ते बसवू शकतो. बसवल्यावर ‘अ‍ॅडमिन’ हे नाव आणि ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड घालून आत शिरता येतं. हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून यंत्र इंटरनेटला जोडण्याआधीच तो बदलावा. बाहेरून वापरायचं असेल, तर जोडणी एचटीटीपीएसची हवी. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था त्यासाठीचं प्रमाणपत्र विनामूल्य देते.

खरं काम पुढेच आहे. रेडमाइनमध्ये आपोआप धावणारं घड्याळ मुळात नाही. कामाच्या पानावर जाऊन तास हातानं लिहायचे. दीड तास असेल तर १.५ लिहा किंवा १:३० लिहा, दोन्ही चालतं. मला ही उणीव वाटत नाही. घड्याळ चालू ठेवून माणूस चहाला गेला, तर ते चहाचाही हिशेब ठेवतं. पण हातानं लिहायचं तर त्याच दिवशी लिहायला हवं. शनिवारी बसून सोमवारचे तास आठवले, तर ती नोंद उरत नाही, अंदाज होतो.

प्रत्येक नोंदीला कामाचा प्रकार जोडावा लागतो. सुरुवातीला आराखडा आणि प्रोग्रॅमिंग एवढे दोनच प्रकार असतात. त्यांत ‘ग्राहकाशी बोलणं’ आणि ‘दुरुस्ती’ हे जरूर घालावेत. आधी धरलेले तास आणि लागलेले तास शेजारी-शेजारी दिसू लागले, की बरेच तास प्रोग्रॅम लिहिण्यात नव्हे, तर एकच गोष्ट तिसऱ्यांदा समजावण्यात गेले, असं कधी कधी दिसतं. पुढचं दरपत्रक देताना हा आकडा हाताशी असावा.

आणखी एक नाजूक बाब. तास पाहण्याची परवानगी ज्याला दिली, त्याला सर्वांचेच तास दिसावेत की फक्त स्वतःचे, हे भूमिकेनुसार ठरवता येतं. ते आधी ठरवा आणि सहकाऱ्यांना सांगा. या नोंदी पगार कापायला वापरल्या जाणार, अशी शंका आली, की प्रत्येक जण रोज बरोबर आठ तास लिहू लागतो आणि सारी यातायात पाण्यात जाते. एका माणसाला एका दिवसात किती तास लिहिता यावेत, याची मर्यादाही घालता येते. मुळात ती ९९९ तासांची आहे, तेव्हा ती खाली आणलेली बरी!

आता बॅकअप. डेटाबेसची प्रत रात्री आपोआप निघेल अशी सोय अनेक जण करतात आणि निर्धास्त होतात. पण कामांना जोडलेली चित्रं आणि कागदपत्रं डेटाबेसमध्ये नसतात. ती ‘फाइल्स’ या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. दोन्हींची प्रत हवी, आणि तीही त्या यंत्राबाहेर. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर चढवून पाहा. एखादं जुनं काम उघडा, जोडलेलं चित्र दिसतं का बघा, आणि मागच्या महिन्याच्या तासांची बेरीज मूळ यंत्राशी ताडून घ्या.