चर्चगेटजवळचा उंबरठा

मुंबईत चर्चगेट स्टेशनवरून पायी काही मिनिटांवर ब्रेबॉर्न स्टेडियम आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे हे मैदान १९३७ मध्ये खुले झाले. नावात क्रिकेट असले, तरी महिला टेनिसच्या इतिहासातही या आवाराचे स्वतःचे पान आहे. येथील हार्ड कोर्टवर २०१७ साली ‘मुंबई ओपन’ भरली. तिचा दर्जा डब्ल्यूटीए १२५, म्हणजे मुख्य व्यावसायिक दौऱ्याच्या एक पायरी खालचा. पहिली विजेती एकोणीस वर्षांची आर्यना सबालेंका सहा वर्षांनी जगात अव्वल झाली. २०१८ मध्ये थायलंडची लुक्सिका कुमखुम जिंकली आणि मग जो खंड पडला तो थेट २०२४ पर्यंत. त्या वर्षी लॅटव्हियाची दार्या सेमेनिस्ताया आणि २०२५ मध्ये स्वित्झर्लंडची जिल टाइशमन विजेती ठरली. सबालेंकाच्या नावावरून या कोर्टाचे मोठेपण मोजण्याचा मोह होतो. माझ्या मते खरे माप वेगळे आहे: स्पर्धा दरवर्षी भरते की नाही.

सातत्याने काय साधते, हे हैदराबादने दाखवून दिले आहे. तिथे २००३ ते २००५ अशी सलग तीन वर्षे डब्ल्यूटीए स्पर्धा झाली. पहिल्या वर्षी सोळा वर्षांची सानिया मिर्झा वाइल्ड कार्डवर उतरली आणि पहिल्याच फेरीत हरली. दुसऱ्या वर्षी लीझेल ह्यूबरच्या साथीने तिने दुहेरी जिंकली. तिसऱ्या वर्षी एकेरीत बाजी मारून ती डब्ल्यूटीए एकेरी विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. पुण्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. २०१२ मध्ये बालेवाडीत ‘रॉयल इंडियन ओपन’ झाली. अंतिम सामन्यात अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने बेचाळीस वर्षांच्या किमिको दाते-क्रुमला हरवले. स्वितोलिना पुढे जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत गेली, पुण्यातली ती स्पर्धा मात्र एकाच वर्षात आटोपली. खेळाडूने मिळवलेले क्रमवारीचे गुण साधारण ५२ आठवडेच टिकतात. पुढच्या वर्षी घरची स्पर्धा नसली, तर गळालेले गुण तिला परक्या देशात शोधावे लागतात.

मुंबईत या चारही वेळा परदेशी खेळाडू जिंकल्या, मग आपल्या मुलींना काय मिळाले, असा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर करंडकाऐवजी पात्रता फेरीत शोधायला हवे. २०२५ मध्ये कोइंबतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून थेट उपांत्य फेरीपर्यंत पोचली आणि हरली ती पुढे विजेती ठरलेल्या टाइशमनकडूनच. या दर्जाच्या प्रतिस्पर्धी गाठायला एरवी व्हिसा, विमानभाडे, प्रशिक्षकाचा खर्च सोसून परदेशी जावे लागते. तेव्हा परदेशी खेळाडूंचे येणे हाच या स्पर्धेचा फायदा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हाच पैसा जिल्ह्याजिल्ह्यांत कोर्ट बांधायला का लावू नये? कोर्ट हवीतच, आणि आधी हवीत. पण कोर्टावर खेळ घडतो, क्रमवारी नव्हे; ती फक्त स्पर्धेतूनच वर सरकते. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातली एखादी मुलगी रॅकेट हाती घेते, तेव्हा तिला सरावाचे कोर्ट घराजवळ हवे आणि मोठ्या खेळाचा उंबरठा एका रात्रीच्या प्रवासावर. शहराच्या स्टेशनवरून रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई येते. तेवढ्या प्रवासात ती एका वर्षी सामने पाहील, काही वर्षांनी पात्रता फेरीत उतरेल, हरेल आणि पुन्हा येईल. हे पुन्हा येणे शक्य व्हावे, म्हणून आयोजकांनी आणि शासनाने मुंबई ओपनचा आठवडा पुढच्या अनेक वर्षांसाठी बांधून घ्यावा. सानियाला पहिल्या फेरीतून विजेतेपदापर्यंत पोचायला तीन वर्षे लागली. ती तीन वर्षे सलग होती, हे विसरून चालणार नाही.