मुलाला भूल द्यायची आहे?

मुलाने नाणे गिळले किंवा उलटीतून रक्त पडले, की डॉक्टर म्हणतात, "दुर्बिणीने बघावं लागेल." आपल्या काळजात धस्स होतं ते त्या नळीच्या नावाने. पण खरं जपायचं असतं ते भुलीला.

मोठी माणसं घशात औषधाचा फवारा मारून नळी सोसतात. मूल तसं स्वस्थ पडून राहील का? म्हणून त्याला मिडॅझोलम, केटामाइन, प्रोपोफॉल अशी औषधं देऊन गुंगी आणतात. गुंगीत श्वास मंदावतो, खोकून घसा मोकळा करण्याची ताकदही कमी होते. अशा वेळी पोटातलं दूध वर आलं, तर ते फुप्फुसात उतरू शकतं.

म्हणून पोट रिकामं हवं. साधारण नियम असा: तळलेलं किंवा भरपेट जेवण 8 तास आधी बंद, हलकं खाणं आणि वरचं दूध 6 तास, आईचं दूध 4 तास, नुसतं पाणी 2 तास. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ मात्र शेवटची.

घोटाळा होतो तो घरातच. मूल रडतं, आजीचा जीव तुटतो, "एका बिस्किटाने काय होतंय?" घरातल्या सगळ्यांना आदल्या रात्रीच बजावून ठेवा. चुकून काही दिलंच, तर लपवू नका. साधी तपासणी पुढे ढकलता येते. अन्ननलिकेत बटणासारखी बॅटरी अडकली असेल, तर मात्र डॉक्टर थांबत नाहीत, कारण 2 तासांतही ती आतून भाजते. तरीही काय खाल्लं ते सांगाच.

सर्दी-खोकला, दमा, रात्रीचं घोरणं, चालू औषधं, कुठल्या औषधाची ऍलर्जी, हलणारा दुधाचा दात, हेही आपणहून सांगा. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, तेव्हा वजन त्याच दिवशी करून घ्या.

आणि संकोच न करता विचारा: नळी घालणाऱ्या डॉक्टरांशिवाय मुलाच्या श्वासाकडेच बघणारं जाणकार माणूस कोण? बोटाला ऑक्सिमीटर लावणार ना? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 साली भुलीचे नियम केले, तेही दातांच्या दवाखान्यात मुलं दगावल्यानंतर. प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही.

मूल नीट जागं झाल्यावर, डॉक्टरांनी सांगितलं की आधी घोटभर पाणी, मग पातळ पेज. घरी नेताना स्कूटर नको. रिक्षात हनुवटी छातीवर पडू देऊ नका. त्या दिवशी सायकल, झोपाळा, गच्ची बंद. मूल हाकेला उठेना, किंवा श्वास जड वाटला, तर उद्याची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.